व्यक्तिविकास आणि समायोजनाचं मानसशास्त्र: प्रकल्पासाठी घ्यावा असा विषय

‘व्यक्तिविकास आणि समायोजनाचं मानसशास्त्र’ हा कॉलेजचा एका सत्राचा विषय मी नुकताच पूर्ण केला. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पदवी केव्हाच झाली, नोकरीतही मुरले आहे. हा विषय जादाचा म्हणून संध्याकाळच्या वर्गात घेतला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे व्यायाम मी पेशंटला नीट शिकवते, कागदावर आकृत्या काढून देते, तो मनापासून ‘हो’ म्हणतो, आणि पुढच्या खेपेला गुडघा मागच्याइतकाच वाकतो. ही माणसं आळशी नसतात, हे मी रोज बघते. मग गाडी नेमकी कुठे अडते, हे कुणीतरी शास्त्राच्या आधाराने समजावून सांगावं एवढीच माझी अपेक्षा होती. ती पूर्ण झाली, पण त्याचं बरंचसं श्रेय व्याख्यानांपेक्षा सत्रभर चालणाऱ्या प्रकल्पाला जातं. म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते.

प्रकल्पाचं नाव ‘स्वतःच्या वर्तनात बदल’. स्वतःचं एक वर्तन निवडायचं. ते मोजता येण्यासारखं हवं. पहिले दोन आठवडे त्यात काहीही बदल करायचा नाही, फक्त नोंद ठेवायची: ते वर्तन घडण्याआधी काय झालं, प्रत्यक्षात काय केलं, आणि लगेच नंतर काय मिळालं. आधी, वर्तन, नंतर असे तीन रकाने. कारणांचा शोध घ्यायचा नाही, स्वभावाबद्दल शेरे मारायचे नाहीत. ‘मी चालढकल करते’ हे वाक्य आमच्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात वहीतून खोडायला लावलं आणि विचारलं, ‘कधी? कुठे? कशानंतर?’

मी निवडलं ते कामावरचंच. आमच्याकडे प्रत्येक पेशंटची तपासणी झाली की नोंद करायची असते: सांधा किती अंश वाकला, दुखणं किती, कोणता व्यायाम वाढवला. यातल्या काही नोंदी मी लगेच लिहायचे, काही संध्याकाळी एकत्र. सगळ्या हातासरशी व्हाव्यात अशी माझी इच्छा होती. मला वाटायचं, गर्दी असली की मागे पडतात. आमच्यातल्या कुणालाही विचारलं तरी हेच उत्तर मिळालं असतं.

तीन रकाने भरायला लागल्यावर वेगळंच चित्र दिसलं. गर्दीचा आणि मागे पडणाऱ्या नोंदींचा फारसा संबंधच नव्हता. ज्या पेशंटची प्रगती थांबली होती, त्यांच्याच नोंदी संध्याकाळवर जात होत्या. खांदा आखडलेला, गोनिओमीटरवर (सांध्याचा कोन मोजायच्या साधनावर) आकडा हलत नाही, पेशंटचा चेहरा पडलेला. अशा वेळी पेन खाली ठेवून मी पुढच्या माणसाला हाक मारत होते. ‘नंतर’च्या रकान्यात मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं: सुटल्यासारखं वाटलं. नकोशी भावना टळली की ती टाळणारं वर्तन अधिक घट्ट होतं. याला मानसशास्त्रात नकारात्मक प्रबलन म्हणतात. व्याख्या पुस्तकात पाठ करून झाली होती. ती स्वतःच्या अक्षरात समोर आल्यावर समजली.

पुढचा टप्पा बदलाचा. इथे पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं काम कामी आलं. नुसता निश्चय करण्यापेक्षा ‘जेव्हा अमुक होईल, तेव्हा मी तमुक करेन’ असं आधीच ठरवून ठेवलं तर ते हातून घडण्याची शक्यता वाढते, हा त्याचा सिद्धांत. 2006 साली त्याने पास्कल शीरनबरोबर अशा 94 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला आणि परिणाम मध्यम ते मोठा आढळला. माझं वाक्य असं ठरलं: ‘पेशंट चपला घालायला वाकला की मी आधी अंशाचा आकडा लिहीन.’ पूर्ण नोंद नको, फक्त आकडा. आकडा लिहिला की पुढची दोन वाक्यं बहुतेक वेळा आपोआप यायची.

मागे पडणाऱ्या नोंदींचा आलेख उतरला. एकदम नाही, मध्ये एक आठवडा पुन्हा वर गेला, पण उतरला. खरा फायदा वेगळाच झाला. अडलेल्या खांद्याचा आकडा त्याच क्षणी डोळ्यांसमोर आल्यामुळे व्यायाम बदलायचा की पेशंटला पुन्हा सर्जनकडे पाठवायचं, हा विचार मी तिथल्या तिथे करू लागले. या कारणासाठी मी हा विषय कुणालाही डोळे मिटून सुचवेन.

आणखी एक बारकावा, कारण त्याची मला फार मजा वाटली. नोंदीच्या पहिल्या दोन आठवड्यांत काहीच बदलायचं नव्हतं, तरी दुसऱ्या आठवड्यात माझे आकडे थोडे सुधारले. मी घाबरून मॅडमना सांगितलं. त्या खूश झाल्या! स्वतःवर नजर ठेवायला लागलं की वर्तन त्यानेच हलतं, हे संशोधकांना चांगलं ठाऊक आहे, आणि अहवालात ते लिहायचं असतं. प्रकल्पाचे गुणही बदल किती झाला यावर नव्हते. नोंद किती प्रामाणिक आणि तर्क किती नीट, यावर होते. वर्गातल्या एकाची रात्री उशिरापर्यंत जागण्याची सवय जराही बदलली नाही, पण का बदलली नाही हे त्याने इतकं स्वच्छ मांडलं की त्याला उत्तम श्रेणी मिळाली. गुणांची अशी पद्धत नसती तर निम्मे आलेख कल्पनेतून काढलेले निघाले असते, असं माझं ठाम मत आहे.

व्याख्यानांकडे वळते. ताणाचा भाग सगळ्यांत सरस. सुरुवात हान्स सेल्ये आणि त्याच्या 1936 सालच्या उंदरांवरच्या प्रयोगांपासून, म्हणजे ताणाखाली शरीर ज्यांतून जातं त्या धोक्याचा इशारा, प्रतिकार आणि थकवा या तीन अवस्थांपासून. मग होम्स आणि राहे यांची 1967 सालची प्रश्नावली. त्यात आयुष्यातल्या 43 घटनांना गुण दिलेत: जोडीदाराचा मृत्यू 100, घटस्फोट 73, लग्न 50. आम्ही ती वर्गात भरली आणि बेरजा करून मंडळी चिंतेत पडली. तेवढ्यात मॅडमनी विचारलं, ‘ज्याला घटस्फोट हवाच होता, त्याचेही 73 धरायचे का?’ तिथून चर्चा रिचर्ड लॅझरस या मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीवर आली. घटना महत्त्वाची आहेच, पण माणूस तिचा अर्थ काय लावतो आणि आपल्या हातात काय आहे असं समजतो, यावर ताण ठरतो. लॅझरस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1981 साली दाखवलं की मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या बारीकसारीक कटकटींवरून माणसाच्या तक्रारींचा अंदाज जास्त चांगला बांधता येतो. पेशंटशी बोलताना मी आता ‘ऑपरेशननंतर कसं चाललंय?’ यावर थांबत नाही. जिना किती वेळा चढावा लागतो, रात्री कूस बदलताना काय होतं, घरात कुणाच्या मदतीशिवाय काय जमत नाही, हेही विचारते.

लॅझरस आणि सुझन फोकमन यांची सामना करण्याच्या दोन पद्धतींची मांडणीही अशीच उपयोगी. एक पद्धत अडचणीवर काम करते, दुसरी अडचणीमुळे आलेल्या भावनेवर. दोन्हींत उच्चनीच नाही; जे हातात आहे तिथे पहिली, जे नाही तिथे दुसरी. कायमचा कमजोर झालेला हात घेऊन येणाऱ्या माणसाला ‘प्रयत्न करा, होईल’ असं सांगत राहणं किती क्रूर असतं, हे मला अनुभवाने जाणवायचं. त्यामागचा विचार इथे मिळाला.

अल्बर्ट बँड्युराने 1977 साली मांडलेली स्वक्षमतेची कल्पना, म्हणजे ‘हे मला जमेल’ हा विश्वास, माझ्या मूळ प्रश्नाचं जवळजवळ पूर्ण उत्तर ठरली. हा विश्वास चार ठिकाणांहून येतो: स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहिल्याने, कुणी पटवून दिल्याने आणि शरीराच्या त्या वेळच्या अवस्थेतून. सगळ्यांत भक्कम पहिला. मी आजवर सगळा जोर तिसऱ्यावर देत होते. आता पेशंट जायच्या आधी एक व्यायाम माझ्यासमोर, माझा हात न लागता, घरी ज्या उंचीच्या खुर्चीवर बसणार तशाच खुर्चीवर करून जातो. दुखलं तर तिथेच बोलणं होतं की हे दुखणं म्हणजे इजा नव्हे, कारण चौथा स्रोतही तेवढाच खरा आहे: दुखलं की माणूस ‘आपल्याला जमत नाही’ असं समजतो.

कार्ल रॉजर्स, मास्लोचा पिरॅमिड, एरिक्सनचे आठ टप्पे, बचावयंत्रणा हे सगळं झालं. ठीक होतं, वाचूनही कळलं असतं.

आता तक्रार, आणि ती गंभीर आहे. नेमलेलं पाठ्यपुस्तक जुनं आहे आणि परीक्षा त्याच्याहून जुनी वाटते. इच्छाशक्ती वापरली की ती संपत जाते, हा 1998 सालचा प्रयोग पुस्तकात सिद्ध सत्य म्हणून दिलाय. 2016 साली 23 प्रयोगशाळांनी मिळून तो तपासला, तेव्हा परिणाम शून्याच्या आसपास निघाला. याचा पुस्तकात उल्लेख नाही. मार्शमेलोचा प्रयोगही तसाच. खाऊ समोर असताना थांबू शकणारी मुलं पुढे जास्त यशस्वी होतात, एवढं सांगून प्रकरण संपतं. 2018 साली 900 हून अधिक मुलांवर केलेल्या अभ्यासात हा संबंध मुळातच कमी दिसला, आणि घरची परिस्थिती व लहानपणची बौद्धिक तयारी हिशेबात धरल्यावर आणखी पुष्कळ घटला. ही गोष्ट विद्यार्थ्याला न सांगणं म्हणजे ज्या मुलाच्या घरात उद्याची खात्री नाही, त्याच्यावर कच्च्या मनाचा शिक्का मारणं.

सगळ्यांत जास्त खटकलं ते असहायतेचं प्रकरण. सेलिगमन आणि मायर यांनी 1967 साली कुत्र्यांवरच्या प्रयोगातून मांडलं की वारंवार निरुपाय झाल्यावर प्राणी असहायता शिकतो. याच दोघांनी 2016 साली मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलंच म्हणणं उलटं केलं: लांबलेल्या त्रासात निष्क्रिय होणं ही मूळ प्रतिक्रिया असते, शिकलं जातं ते नियंत्रण. माझ्यासारख्या कामात असणाऱ्या माणसासाठी या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पेशंटने असहायता शिकलीय असं धरलं तर मी ती पुसायला बघेन. नियंत्रण शिकायचं राहिलंय असं धरलं तर मी त्याला आजच्या आज काहीतरी स्वतःच्या हाताने घडवू देईन. मॅडमनी हे वर्गात आवर्जून सांगितलं. लेखी परीक्षेत मात्र जुनंच उत्तर अपेक्षित होतं, कारण प्रश्नपत्रिका विभाग काढतो. व्याख्या लिहा, फरक स्पष्ट करा, टिपा द्या. ज्या विषयात विद्यार्थ्याने महिनोन्‌महिने स्वतःवर प्रयोग केलाय, तिथे त्याला अशा परीक्षेला बसवणं हा त्याच्या कष्टांचा अपमान आहे. विभागाने हे बदलायलाच हवं.

खासगीपणाबद्दल एक चांगली गोष्ट सांगते. दर आठवड्याला एक रोजनिशी द्यायची असते. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या 1986 सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज 15 मिनिटं मनातल्या जखमांबद्दल लिहिलं. लिहून झाल्याबरोबर त्यांना वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांची सरासरी काढली तर परिणाम छोटा आहे, हेही आम्हाला सांगितलं गेलं. आमच्या रोजनिशीचा नियम असा होता की जे पान दुमडून पिन मारली, ते मॅडम उघडणार नाहीत; तारीख बघून गुण देतील. वर्गात बऱ्याच वह्यांना अशा पिना दिसायच्या. पहिल्याच तासाला त्यांनी स्पष्ट केलं होतं की हा वर्ग म्हणजे उपचार नव्हे, आणि ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी समुपदेशकाची वेळ फळ्यावर लिहून दिली होती. तुम्ही सध्या खोल निराशेत असाल, झोप उडाली असेल, तर आधी त्या माणसाकडे जा. हा विषय पुढच्या सत्रातही असतो.

नर्स, शिक्षक, आहारतज्ज्ञ, व्यसनमुक्तीत काम करणारे, म्हणजे ज्यांचं अर्धं काम दुसऱ्याने घरी जाऊन करायचं असतं, अशा सगळ्यांनी हा घ्यावा. मानसशास्त्राची पदवी करणाऱ्यांना व्याख्यानांत बरीच पुनरावृत्ती वाटेल. प्रवेश घेण्याआधी एक चौकशी जरूर करा: तुमच्या तुकडीला प्रकल्प आहे की त्याऐवजी निबंध? आमच्याच कॉलेजात दुसऱ्या तुकडीला निबंध होता. तसं असेल तर तुकडी बदलून मागा, नाहीतर पुढच्या सत्रापर्यंत थांबा.

आणि प्रकल्पासाठी वर्तन निवडताना ते दिवसातून निदान एक-दोनदा घडणारं आणि एकेक करून मोजता येणारं निवडा. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी ‘राग कमी करणे’ लिहून दिलं होतं. तीन रकान्यांत काय भरायचं तेच त्यांना कळेना. मॅडमनी त्यांच्याबरोबर बसून ते ‘समोरचा बोलत असताना त्याचं वाक्य मध्येच तोडणे’ असं करून दिलं, आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या वहीत पहिल्या पाच रेघा पडल्या.