क्लच पेडल नसलेली गाडी: परतवाडा, चिखलदरा आणि अधलेमधले खड्डे

ऑटोमॅटिक गाडी म्हणजे पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकसाठी, खेड्यात तिचं काय काम, असं आमच्याकडे अजूनही सर्रास बोललं जातं. दसऱ्याला गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा मलाही हे ज्याने-त्याने ऐकवलं. आता संत्र्याचा हंगाम, बहिरमची यात्रा, लग्नसराई, वैशाखातलं ऊन आणि मृगाचा पहिला पाऊस एवढं सगळं या गाडीने पाहून झालंय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

आमचं गाव चांदूर बाजार तालुक्यात. बाजारहाट परतवाड्याला, मोठा दवाखाना अमरावतीला, आणि अगदीच गरज पडली तर नागपूर. गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, पाच गियरची एएमटी, म्हणजे स्वस्तातली ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. नाव आलं की लोक गियरबॉक्स सोडून कंपनीवर भांडत बसतात, आणि मी जे लिहितोय ते या वर्गातल्या जवळपास सगळ्याच एएमटींना थोड्याफार फरकाने लागू पडतं.

किमतीचं आधी उरकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस होता तो १८ टक्क्यांवर आला. सहा लाखांच्या आसपासच्या गाडीत त्याने पन्नास हजारांचा फरक पडला. एएमटीसाठी मॅन्युअलपेक्षा साधारण तेवढेच जास्त मोजावे लागतात. म्हणजे आधी मॅन्युअलसाठी जे बजेट धरलं होतं त्याच पैशात ऑटोमॅटिक आली. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर या दुसऱ्या प्रकारची ऑटोमॅटिक घ्यायची तर गाडीही वरच्या वर्गातली घ्यावी लागते आणि फरकही लाखाच्या पुढे जातो. चालवायला त्या जास्त मऊ, यात वाद नाही. पण आमचा खिसा तिथपर्यंत जात नव्हता.

एएमटी म्हणजे काय हे शोरूमवाले नीट सांगत नाहीत, म्हणून थोडक्यात. गियरबॉक्स साधा मॅन्युअलचाच असतो, क्लच प्लेटही तीच. फक्त क्लच दाबायचं आणि गियर टाकायचं काम पायाहाताऐवजी ॲक्चुएटर नावाचं एक यंत्र करतं, आणि केव्हा करायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. भारतात ही सोय पहिल्यांदा २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओत आली, इटलीच्या मॅग्नेटी मरेलीची यंत्रणा घेऊन. तेव्हापासून छोट्या गाड्यांत हीच चालते, कारण ती स्वस्त पडते आणि मायलेज मारत नाही. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवावी लागते: पेडल नाही, पण क्लच आहे. आणि तो जळतोही.

आमच्या घरात ऑटोमॅटिक आली ती बायकोमुळे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, शाळा दोन गावं पलीकडे. मॅन्युअल गाडी ती लग्नाआधी शिकली होती, पण बाजारातल्या चढावर मागे ट्रॅक्टर हॉर्न देतोय आणि गाडी बंद पडतेय, असं दोनचारदा झालं आणि तिने स्टिअरिंगचं नावच टाकलं. मग वर्षानुवर्षं स्कूटी. उन्हाळ्यात तोंडाला ओढणी बांधून, पावसाळ्यात रेनकोट घालून. नवीन गाडी आल्यावर पहिल्या आठवड्यात मी शेजारी बसून सूचना देत होतो. नंतर तिने सांगितलं, "तुम्ही बाजूला बसा, पण बोलू नका." आणखी थोड्या दिवसांनी बाजूला बसायचीही गरज राहिली नाही. आता आठवड्यातले बहुतेक दिवस गाडी तिच्याकडे असते आणि मी मोटरसायकलवर.

गावातल्यांना मात्र गाडीचं कुतूहल डाव्या पायापुरतं. आमच्या शेजारच्या काकाजींनी आत वाकून दोनच पेडल पाहिले आणि म्हणाले, "काहून बाप्पा, मंग डाव्या पायाचं काय लोनचं घालतं?" हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ती. वर्षानुवर्षं मॅन्युअल चालवलेला माणूस बसला की त्याचा डावा पाय सवयीने क्लच शोधतो आणि सापडतो ब्रेक. माझ्या साळ्याने चौकात असाच क्लच समजून ब्रेक दाबला आणि मागच्या सीटवरची टरबुजाची पिशवी थेट पुढे आली. आता गाडी मागणाऱ्याला मी आधी सांगतो, डावा पाय सीटखाली ओढून घे आणि मग चावी फिरव.

आता खेड्यात काय काम या प्रश्नाकडे. आमच्या रस्त्यांवर ट्रॅफिक नाही हे खरं, पण गाडी एका वेगात चालते कुठे? गाव सोडून डांबरी लागेपर्यंत खड्डे, मग बैलबंडी, मग ढोरांचा कळप, मग कुणीतरी घरासमोर मातीचा घातलेला ब्रेकर, मग पुन्हा खड्डे. पहिला-दुसरा-तिसरा, दुसरा-पहिला. शहरातल्या सिग्नलवर जेवढे गियर बदलावे लागतात, त्यापेक्षा कमी नाहीत. ब्रेक सोडला की गाडी आपसूक पायी चालल्याच्या वेगाने पुढे सरकते, याला क्रीप म्हणतात. ढोरांच्या मागे जाताना याच्यासारखं सुख नाही. बहिरमच्या यात्रेत रविवारी संध्याकाळी हंडीचं मटण आणि रोडगे खाऊन निघालेल्या गाड्यांची रांग लागते, त्या रांगेतही बायकोने गाडी आरामात काढली. बाजूच्या जीपवाल्याचा मात्र क्लच दाबून-दाबून गुडघा धरला होता.

दुखणं आहे ते ओव्हरटेकचं, आणि ते गंभीर आहे. हंगामात संत्र्याचे कॅरेट किंवा कापसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालतात, मागे लाल दिवा तर सोडाच, रेडियमची पट्टीही नसते. समोर मोकळा रस्ता दिसला म्हणून ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी विचार करते. क्लच सुटतो, गियर खाली येतो, क्लच परत धरतो, आणि या मधल्या वेळात इंजिनची ताकद चाकाला पोचतच नाही. एखादाच सेकंद असतो, पण समोरून एसटी येत असली तर तो फार मोठा वाटतो. आत बसलेल्यांची मान एकदा पुढे जाते ती याचवेळी.

यावर उपाय गाडीतच दिलेला आहे, लोक वापरत नाहीत एवढंच. लिव्हर डी वरून (गियर गाडी बदलते) एम मध्ये (गियर आपण बदलतो) घ्यायचा आणि ट्रॉलीच्या मागे असतानाच एक गियर खाली करून ठेवायचा. मग रस्ता मोकळा झाला की गाडी विचार करत बसत नाही, दाबलं की उचलते. पुढे निघून गेलं की परत डी. ही सवय लागायला थोडा वेळ गेला, पण आता हात आपोआप जातो. दुसरी युक्ती म्हणजे वरचा गियर पडायच्या वेळी पाय थोडा सैल सोडायचा, मॅन्युअलमध्ये सोडतो तसा. झटका निम्म्यावर येतो. बायकोला हे कुणी सांगितलं नव्हतं, तिच्या पायाला ते आपोआपच कळलं. माझ्यापेक्षा तिचे गियर मऊ पडतात हे पोरंही सांगतात.

घाटाची परीक्षा चिखलदऱ्याला झाली. परतवाड्याहून वर चढायचं म्हणजे साधारण अकराशे मीटर उंचीवर जायचं, वळणं एकामागोमाग एक. चार माणसं, मागे सामान, एसी चालू. डी मध्ये ठेवली तर गाडी मध्येच तिसरा टाकते, दम लागला की पुन्हा दुसरा, आणि प्रत्येक वळणावर हा खेळ. एम मध्ये दुसऱ्यावर धरून ठेवली की कुरकुर संपते. उतरतानाही तेच, दुसऱ्या गियरवर इंजिनच गाडी अडवून धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. डी मध्ये उतरणारे लोक खाली येईपर्यंत ब्रेकचा वास घेऊन येतात.

एका वळणावर समोर बस अडली आणि सगळ्यांनाच चढावर थांबावं लागलं. इथेच एएमटीवाले क्लच जाळतात. ॲक्सिलरेटरवर पाय अर्धवट ठेवून गाडी जागेवर तोलून धरायचा मोह होतो, कारण मॅन्युअलमध्ये हाफ क्लचवर तसं करायची सवय असते. पण इथे क्लच घसरत राहतो आणि तापतो. आमची गाडी अशा वेळी टूंटूं करून बजावते. ब्रेक दाबून उभं राहायचं, थांबणं लांबलं तर हँडब्रेक ओढून न्यूट्रल. निघताना हिल होल्ड नावाची सोय असते, ती ब्रेक सोडल्यावरही दोनेक सेकंद गाडी धरून ठेवते, तेवढ्यात पाय ॲक्सिलरेटरवर जातो. हिल होल्ड नसलेली एएमटी घेऊच नका, मी तर म्हणेन.

पार्किंगचंही एक आहे. मोठ्या ऑटोमॅटिकमध्ये पी, म्हणजे चाकं अडकवून ठेवणारा पार्किंगचा खाचा असतो, बहुतेक एएमटीत तो नसतो. न्यूट्रलमध्ये बंद करून नुसत्या हँडब्रेकवर उतारावर सोडून जाणारे पाहिले आहेत. गियर टाकूनच इंजिन बंद करायचं, म्हणजे चाकं अडकून राहतात. चालू करताना ब्रेक दाबून न्यूट्रल.

आणि रिव्हर्स! आमच्या अंगणात गाडी आत घ्यायला रस्त्यापासून वीतभर उंच दगडी चढ आहे, तो उलट्या दिशेने चढवावा लागतो. मॅन्युअलमध्ये हाफ क्लचवर चाक दगडाला टेकवून अलगद वर घेता येतं. इथे क्रीपला तेवढी ताकद नाही, चाक दगडाला लागून थांबतं. मग जरा दाबलं की काहीच नाही, आणखी जरा दाबलं की गाडी उडी मारून आत, भिंत दोन हातांवर. शेवटी गवंड्याला बोलावून सिमेंटचा उतार करून घेतला. ज्यांच्या घराला असा चढ आहे त्यांनी हा खर्च गाडीच्या किमतीत धरावा.

वावरात गाडी नेऊ नये हे कुणाला सांगायला नको, पण नेली जातेच. कोरड्या पांदणीवर काही अडचण नाही. मृगाच्या सरीनंतर काळ्या मातीत मात्र एएमटीचा निभाव लागत नाही. चिखलात चाक अलगद फिरवायला क्लच आपल्या पायात हवा. धुऱ्याजवळ अडकली ती शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनेच बाहेर काढली. तिथे मॅन्युअल छोटी गाडीही अडकलीच असती, पण तिला निघायचा थोडा तरी चान्स असता.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना एसी लावून एक लिटरचं इंजिन जरा सुस्तावतं, गियर उशिरा टाकतं. गियरबॉक्सने मात्र त्रास दिला नाही. मायलेज गावच्या रस्त्यावर १७-१८, तळेगाव, कारंजा घाडगे, कोंढाळी करत नागपूरला जाताना ऐंशीच्या आसपास ठेवली तर २२ च्या पुढे. कागदावरचे आकडे पंचवीसच्या पुढचे असतात, ते कागदावर राहू द्या.

एक सकाळ खरी डोकेदुखीची गेली. चावी फिरवली, दिवे लागले, पण स्टार्टर हूं की चूं नाही. न्यूट्रल आहे, ब्रेक दाबलाय, तरी नाही. गल्लीतली पोट्टी धक्का मारायला धावली, पण एएमटी धक्क्याने चालू होत नाही. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर एकच उत्तर, टो करून आणा, बघू. शेवटी आमच्या फाट्यावरच्या वायरमनला बोलावलं. त्याने बोनेट उघडलंच नाही. मला ब्रेक दाबायला लावून मागे गेला आणि तिथूनच ओरडला, "भाऊ, मांगचा लाल लाइट लागूनच नाही राहिला." ब्रेक दाबलाय हे गाडीला ज्या स्विचमुळे कळतं, त्याची वायर पेडलच्या वर उंदराने कुरतडली होती. ब्रेक दाबल्याचं कळल्याशिवाय या गाड्या चालू होत नाहीत. वायर जोडली, काम झालं. तेव्हापासून गाडी चालू झाली नाही तर आधी मागचे लाल दिवे बघायचे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आणि बॅटरी उतरायच्या आधी बदलायची, कारण धक्क्याची सोय नाही.

सर्व्हिसला गाडी टाकताना स्कॅनर लावून क्लचचं लर्निंग करायला सांगा. क्लच नेमका कुठे धरतो हे कॉम्प्युटरला नव्याने शिकवतात. न सांगता बरेचदा करत नाहीत. आमच्याकडे दुसऱ्या सर्व्हिसला ते केल्यावर पहिल्या-दुसऱ्यातला झटका बराच कमी झाला. ॲक्चुएटरचं काम मात्र गावच्या मिस्त्रीच्या हातचं नाही, त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणीच जावं लागेल. वाढीव वॉरंटी मी त्याचसाठी घेतली.

घरात एकटाच चालवणारा, डावा पाय मजबूत, रोजचं जाणं वावरात, त्याने मॅन्युअलच घ्यावी. घरात दुसरं कुणी स्टिअरिंगला हात लावायला कचरत असेल, किंवा गुडघे बोलायला लागले असतील, तर पन्नास हजार जास्त देण्यात काही वावगं नाही. फक्त टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊन परत येऊ नका. गाडी चढावर उभी करून निघा, रिव्हर्समध्ये एखाद्या उंचवट्यावर चढवा, एखाद्या ट्रॅक्टरला डी मध्ये आणि मग दुसऱ्याला एम मध्ये ओव्हरटेक करून बघा. आणि जी व्यक्ती रोज चालवणार आहे, तिलाच चालवायला द्या. सेल्समनला ते आवडत नाही, तो लवकर परत फिरा म्हणतो. फिरू नका.