ट्रकचे ब्रेक लायनर कधी बदलायचे: लक्षणांवरून, किलोमीटरवरून की मोजून?

हवेच्या ब्रेकच्या ट्रकमध्ये पायाला झीज कळत नाही. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये निदान काहीतरी इशारा मिळतो: चाकाबरोबर फिरणारा ड्रम आणि त्याला आतून दाबणारा शू यांच्यातलं अंतर वाढलं की पेडल खाली जातं, पॅड झिजले की डब्यातलं ब्रेक ऑइल उतरतं. इथे पायाखाली असतो तो फक्त हवेचा व्हॉल्व्ह. लायनर (शूवर रिव्हेटने बसवलेला, झिजणारा थर) कालच बसवलेले असोत की रिव्हेटपर्यंत आलेले, पेडल तसंच दबतं. म्हणून ‘ब्रेक लागतोय ना, मग चालू दे’ हा हिशेब ट्रकला लागू पडत नाही.

मग ठरवायचं कशावरून? बहुतेक जण लक्षणांवर जातात, काही किलोमीटरवर, आणि फार थोडे खरोखर मोजतात.

लक्षणांचा भरवसा किती

खरखर, किंचाळल्यासारखा आवाज, जळका वास, गाडी एका बाजूला ओढणं, ब्रेक मारल्यावर थरथर. यातलं काहीही जाणवलं तर गाडी तपासायलाच हवी, यात वाद नाही. पण लायनर किती उरला आहे, हे यातलं एकही लक्षण सांगत नाही. गाडी ओढते तेव्हा बरेचदा एका चाकाचं ऑइल सील गळून लायनर तेलकट झालेला असतो, किंवा दोन बाजूंचे स्लॅक ॲडजस्टर (झिजेनुसार ब्रेकचं अंतर जुळवणारे) सारखे नसतात. जळका वास येतो तो अनेकदा ब्रेक सुटत नसल्यामुळे. थरथर म्हणजे ड्रम गोल राहिलेला नाही किंवा डिस्क वाकडी झाली आहे. लायनर जाड असतानाही हे सगळं होऊ शकतं.

झिजेचं खरं लक्षण म्हणजे धातूवर धातू घासल्याचा आवाज, आणि तो फार उशिरा येतो. तो ऐकू येईपर्यंत रिव्हेटनी ड्रमला चरे पाडलेले असतात. मग नुसत्या लायनरवर भागत नाही.

शिवाय ट्रकला चाकं अनेक. एका चाकाचा ब्रेक नावापुरता उरला तरी बाकीचे त्याची उणीव झाकतात, आणि रिकामी गाडी छान थांबते. उघडं पडतं ते भरल्या गाडीने लांब उतार उतरताना. ड्रम तापतो, फुगतो आणि शूपासून दूर जातो. त्याला गाठायला पुशरॉडला (ब्रेक चेंबर या हवेच्या डब्यातून बाहेर येणाऱ्या दांड्याला) आणखी पुढे यावं लागतं. स्ट्रोक, म्हणजे हा दांडा सरकतो ते अंतर, आधीच संपत आलेला असेल तर पुढे यायला जागाच नसते.

किलोमीटर

याबद्दल थोडक्यात. सपाट हायवेवर धावणारा ट्रक आणि खाणीतला डंपर यांचे लायनर एकाच हिशेबाने झिजत नाहीत. रिटार्डर किंवा एक्झॉस्ट ब्रेक (चाकांच्या ब्रेकशिवाय वेग कमी करणारी साधनं) नीट वापरणारा चालक आणि सतत पेडलवर पाय ठेवणारा चालक यांच्यात तर एकाच मॉडेलवर मोठा फरक पडतो. किलोमीटरवरून पुढची तपासणी कधी करायची ते ठरवा, बदली नको.

मोजमाप: इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. लायनरची जाडी ही एक गोष्ट, पुशरॉडचा स्ट्रोक ही दुसरी. एक ठीक असली म्हणून दुसरी ठीक असेलच असं नाही.

जाडी पाहायची ती शूच्या मध्यावर, मागच्या डस्ट कव्हरच्या खिडकीतून टॉर्च मारून. जड ट्रकचा नवा ड्रम लायनर साधारण 19 मिमीचा असतो. 6 ते 6.5 मिमी उरला की बदलावा, ही बऱ्याच ठिकाणी मानली जाणारी मर्यादा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये याहून मोठा आकडा असेल तर तोच धरा. पुढची तपासणी लांब असेल तर मी 8 मिमीलाच बदलेन. उरलेल्या दोन मिमींसाठी चाक पुन्हा उघडण्यात काही शहाणपण नाही.

स्ट्रोकसाठी सपाट जागा हवी. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, इंजिन बंद ठेवा, टाकीत 6 ते 7 बार हवा असू द्या आणि पार्किंग ब्रेक सोडा. चेंबरच्या तोंडाशी पुशरॉडवर खडूची खूण करा. दुसऱ्याला पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा. खूण जितकी बाहेर सरकली तितका स्ट्रोक. टाइप 30 आकाराच्या साध्या चेंबरला 51 मिमी ही मर्यादा, लाँग-स्ट्रोक चेंबरला 64. त्यामुळे मोजण्याआधी चेंबर कोणता ते पाहून घ्या.

आता खरी मेख. ऑटोमॅटिक स्लॅक ॲडजस्टर त्याचं काम चोख करत असेल तर लायनर झिजत जातो, पण स्ट्रोक जागचा हलत नाही. फक्त स्ट्रोक मोजून खूश होणाऱ्याला लायनर संपल्याचा पत्ताच लागत नाही. उलट, लायनर जाड असूनही स्ट्रोक जास्त आला तर नवे लायनर घालून काही होणार नाही. ॲडजस्टर, शू पसरवणाऱ्या कॅमचे बुश किंवा पिना गेलेल्या आहेत. अशा वेळी ऑटोमॅटिक ॲडजस्टर पान्याने टाइट करून गाडी सोडून देण्याची सवय गॅरेजमध्ये सर्रास दिसते. स्ट्रोक तेवढ्यापुरता बरा दिसतो, दोष तिथेच राहतो. मॅन्युअल ॲडजस्टरची गोष्ट वेगळी, ते टाइट करावेच लागतात; पण तिथेही टाइट करणं हा झिजलेल्या लायनरवरचा उपाय नव्हे. लायनर आणि ड्रम दोन्ही फार झिजले तर एस-कॅम (S आकाराचा तोच कॅम) पलटी मारतो, आणि मग ते चाक एक तर जाम होतं नाहीतर ब्रेकच धरत नाही.

डिस्क असेल तर

काम सोपं होतं. अनेक कॅलिपरवर (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावर) झीज दाखवणारी पिन किंवा खूण असते, काही गाड्यांत सेन्सर थेट डॅशबोर्डवर दिवा लावतो. तरी मी चाक काढल्यावर पॅड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सोडणार नाही, कारण कॅलिपरच्या गाइड पिना जाम झाल्या की आतला आणि बाहेरचा पॅड वेगवेगळा झिजतो. डिस्कवर केसाएवढ्या बारीक भेगा चालतात. आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत गेलेली भेग दिसली तर डिस्क बदलायची.

नुसते लायनर की ड्रमही

ड्रमच्या आतल्या कडेला बोट फिरवा. ओठासारखी धार लागली तर व्यास मोजा. 419 मिमीच्या नेहमीच्या ड्रमला साधारण 3 मिमी वाढ ही शेवटची हद्द. त्यापुढे लेथवर मारणंही नको. आरपार भेग दिसली तर व्यास कितीही असो, ड्रम गेला. निळसर डाग दिसले तर ड्रम फार तापून गेला आहे. कारण शोधल्याशिवाय नवे लायनर घालू नका. तेल पिलेला लायनर धुऊन परत बसवायचा नाही, सील बदलून नवाच घालायचा.

आणि बदलायचे ते ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे, एकाच प्रतीचे. नवे लायनर ड्रमला पूर्ण टेकायला थोडा वेळ लागतो, तोवर जोरात ब्रेक मारणं टाळा. काही दिवस गाडी चालल्यावर पुन्हा ठोकळे लावून दोन्ही बाजूंचा स्ट्रोक मोजा. दोन्हींत मोठा फरक दिसला तर बसवण्यात कुठेतरी चूक राहिली आहे.