छापील पाठ टाचण वही: घ्या, पण आखणी स्वतःची करा

बी.एड. कॉलेजांसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी ही पाठाची आखणी लिहायची वही आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या शिकवण्याच्या सरावाला, निघालेले बहुतेक जण घेतात. उद्दिष्टं, पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, मूल्यमापन, गृहपाठ असे रकाने आयते मिळतात, आखण्याचा वेळ वाचतो. बांधणी कच्ची. दुसऱ्या वर्षाच्या आंतरवासितेचे 16 आठवडे एसटीच्या गर्दीत पिना टिकत नाहीत, आधीच दोऱ्यानं शिवून घ्यावी.

खरी खोट आखणीत आहे. वही एक वर्ग आणि पूर्ण तासिका धरून चालते. खेड्यातल्या शाळेत एक गुरुजी रजेवर गेले की सहावी-सातवी एकाच खोलीत बसते. अशा वेळी पानावर मधोमध पेन्सिलीनं रेघ मारा, डावीकडे सहावी, उजवीकडे सातवी. सातवीचं लेखी काम तास सुरू होण्याआधीच फळ्यावर हवं. मग सहावीला 15 मिनिटं शिकवायचं, नंतर उलट. काम ऐनवेळी सांगत बसलात तर दोन्ही वर्ग हातचे जातात.

‘अपेक्षित उत्तर’ हा रकाना तर घातच करतो. त्यात ‘कापसाचे झाड’ लिहिलेलं असतं, पोरं म्हणतात ‘पऱ्हाटी’. छात्राध्यापक तिथल्या तिथे ‘चूक’ म्हणतो आणि पुढच्या प्रश्नाला एकही हात वर येत नाही. रकान्यात दोन्ही शब्द लिहा, फळ्यावरही: पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, वावर म्हणजे शेत. मेळघाटात कोरकू भाषेतले शब्द वर्गातल्याच पोरांना विचारून आदल्या दिवशी टिपून ठेवावेत.

कापूस वेचणीच्या दिवसांत पटावर तीस, वर्गात बारा, असंही होतं. कालच्या पाठावर बेतलेली प्रस्तावना मग कोसळते, कारण काल निम्मे जण वावरात होते. पूर्वज्ञानाच्या रकान्यात दोन तोंडी प्रश्न जादा ठेवा. उत्तरं आली नाहीत तर पहिली 10 मिनिटं उजळणीलाच द्यायची. पाठ अपुरा राहिला तर का, ते लिहायला वहीत जागाच नाही! शेवटी कोरी पानं शिवून घ्या: तारीख, इयत्ता, हजर मुलं, कुठे अडलं.

सहीची चौकट मात्र चांगली मोठी आहे. मार्गदर्शक शिक्षकांची सही त्याच दिवशी घ्यावी. शेवटच्या आठवड्यात गठ्ठा पुढे केला तर शेरे सगळे एकसारखे मिळतात. दुकानातच पानं मोजा, मधली कोरी निघतात.