ग्रॅप्टोलाइट की कोनोडॉन्ट: थरांचे वय कशावरून ठरवावे?

खडकांच्या थरांचे वय ठरवण्यासाठी ग्रॅप्टोलाइट आणि कोनोडॉन्ट यांपैकी कोणते जीवाश्म निवडावेत, असे एका विद्यार्थिनीने विचारले, म्हणून हा प्रपंच.

पहिला निकष खडकाचा, आणि बहुतेकदा निर्णय तिथेच होतो. ग्रॅप्टोलाइट, म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतींचे अवशेष, मुख्यत्वे काळ्या शेलमध्ये, म्हणजे चिखलापासून बनलेल्या पापुद्री खडकात, मिळतात. शेलची पापुद्र्यासारखी चकती उकलली की पेन्सिलीने ओढल्यासारखी, करवतीचे दाते असलेली रेघ चमकते. कोनोडॉन्ट हे सर्पमीनासारख्या प्राण्यांचे फॉस्फेटी दातसदृश अवयव असून ते प्रामुख्याने चुनखडीत सापडतात.

श्रमांत मोठा फरक आहे. ग्रॅप्टोलाइटला हातोडी आणि हातभिंग पुरते. कोनोडॉन्टसाठी काही किलो चुनखडी सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळवून, उरलेल्या गाळातून मिलिमीटरभराचे कण सूक्ष्मदर्शकाखाली वेचावे लागतात.

अचूकतेत दोन्ही तुल्यबळ आहेत, तरी माझा कल ग्रॅप्टोलाइटकडे आहे. स्कॉटलंडमधील डॉब्ज लिन येथे भूवैज्ञानिक चार्ल्स लॅपवर्थ यांनी 1878 मध्ये ग्रॅप्टोलाइटच्याच आधारे दाखवले की, प्रचंड जाड भासणारी थरांची रास म्हणजे घड्या पडून पुन्हा पुन्हा वर आलेले तेच मोजके थर होत. सिल्युरियन या भूवैज्ञानिक कालखंडाच्या तळाची जागतिक सीमाही आज तिथेच मानली जाते.

कालव्याप्तीत मात्र कोनोडॉन्ट सरस: ग्रॅप्टोलाइटचा खरा उपयोग ऑर्डोव्हिशियन ते आरंभीचे डेव्होनियन (सिल्युरियनच्या लगेच आधीचा आणि नंतरचा कालखंड) इतकाच, तर कोनोडॉन्ट बऱ्याच नंतरच्या ट्रायासिक कालखंडाच्या अखेरीपर्यंत साथ देतात. शिवाय त्यांच्या रंगावरून खडक किती तापला होता, हेही कळते.

खोल समुद्रातील शेल आणि क्षेत्रकार्याची आवड असेल, तर ग्रॅप्टोलाइट घ्यावेत. चुनखडी, प्रयोगशाळा आणि चिकाटी असेल, तर कोनोडॉन्ट.