सदाशिव पेठेतला न्यूमेरिकल मेथड्सचा क्लास, ग्रेफेसाठी तरी लावाच

स. प. कॉलेजपासून चालत जाता येतं, जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर क्लास आहे, पाटी बारीक आहे त्यामुळे शोधावं लागतं आणि गाडी लावायला जागा नाही हे आधीच सांगते. पण ग्रेफेची रूट स्क्वेअरिंग मेथड, म्हणजे समीकरणाची उत्तरं (रूट्स) आकडेमोडीने काढायची एक रीत, सर ज्या पद्धतीने शिकवतात ना, त्यासाठी माझे पाच स्टार.

आधी जिथे जायचे तिथे हीच मेथड म्हणजे फॉर्म्युला पाठ करा, टेबल भरा, मार्क घ्या, संपलं. इथे सरांनी पहिलं हेच विचारलं की न्यूटन रॅफ्सन या रूट्स काढायच्या दुसऱ्या मेथडला सुरुवातीचा अंदाज लागतो, तो आणायचा कुठून? ग्रेफेला अंदाज लागतच नाही, आणि सगळी रूट्स एकाच टेबलातून निघतात.

मग साधं क्यूबिक (x³ चं समीकरण) घेतलं, कोइफिशियंट म्हणजे x च्या घातांपुढचे आकडे १, −६, ११, −६, रूट्स १, २, ३ हे सगळ्यांना माहीतच होतं आणि म्हणूनच ते घेतलं. प्रत्येक कोइफिशियंटचा वर्ग करायचा, त्यातून शेजारच्या दोघांच्या गुणाकाराची दुप्पट वजा करायची. ६ च्या जागी आले १४, हेच पुन्हा पुन्हा केलं की ९८, मग ६८१८. दर वेळी रूट्सचा वर्ग होतो, म्हणून शेवटी तेवढंच मूळ काढायचं. आता १४ चं वर्गमूळ ३.७४, ९८ चं चौथं मूळ ३.१५, ६८१८ चं आठवं मूळ ३.०१, म्हणजे सरकत सरकत ३ वरच येतंय! का येतंय तर ६८१८ म्हणजे ६५६१ अधिक २५६ अधिक १, तिन्ही रूट्सचे आठवे घात, आणि त्यात ३ चा घात बाकीच्यांना पार झाकून टाकतो. हे सरांनी फळ्यावर फोडून दाखवलं तेव्हा अख्खी मेथड डोक्यात बसली, पाठांतराची गरजच उरली नाही. पुढच्या कोइफिशियंटला आधीच्याने भागून तसंच मूळ काढलं की १.९९ आणि जवळजवळ १ पण मिळतात.

अडचणी पण लपवत नाहीत. वर्ग केल्यामुळे चिन्ह हरवतं, त्यामुळे अधिक की वजा ते मूळ समीकरणात घालून बघावंच लागतं. एखादा कोइफिशियंट सारखा चिन्ह बदलत राहिला तर कॉम्प्लेक्स (वजा संख्येचं वर्गमूळ असलेल्या) रूट्सची जोडी आहे असं समजायचं. आणि आकडे इतके भराभर फुगतात की कॅल्सी १० च्या १०० व्या घाताला एरर देतो, म्हणून कुठे थांबायचं तेही शिकवतात.

इतिहास पण थोडक्यात होतो, दांदलँ १८२६, लोबाचेव्स्की १८३४, ग्रेफे १८३७, तिघांनी आपापलं शोधलं. लोबाचेव्स्की म्हणजे तोच नॉन-युक्लिडियन भूमितीवाला, हे ऐकून मला फार भारी वाटलं.

फी जरा जास्त आहे आणि झेरॉक्स नोट्सचे पैसे वेगळे. पायथन वगैरे शिकवत नाहीत, सगळं हाताने, तेव्हा कोडिंग हवं असेल तर दुसरीकडे बघा. बीएस्सी मॅथ्सवाल्यांनी मात्र डोळे झाकून लावा, फक्त नाव आधी नोंदवा, खोली लहान आहे.