मिजेटसाठी डायनो: रोलर की हब?

"चौथ्या गिअरमध्ये रन घेऊ," असं डायनोवाला (डायनो म्हणजे गाडीची ताकद मोजायचं यंत्र) फोनवर म्हणाला, की गोड बोलून फोन ठेवावा. मिजेटला, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर पळणाऱ्या छोट्या रेसकारला, चौथाच काय, दुसरा गिअरही नसतो. क्लच नाही, स्टार्टर नाही. ट्रॅकवर मागून ढकलल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. हे आधीपासून माहीत असलेली दोनच दुकानं मला इथे अमेरिकेत, इंडियानात सापडली. एकाकडे रोलर डायनो आहे, म्हणजे ज्याच्या ड्रमवर गाडीची चाकं फिरतात तो; दुसऱ्याकडे हब, म्हणजे चाकं काढून थेट धुऱ्याला जोडायचा. आमची गाडी दोन्हीकडे जाऊन आली आहे. गाडीचा मालक वेगळा, चालवणारा त्याचा मुलगा आणि मी आठवडाभर कोलंबसला नोकरी करून शनिवारी कोकोमोच्या पाव मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर हात काळे करणारा.

माझ्या अपेक्षा मुळात पुण्यातच बिघडल्या होत्या. सुरुवातीची नोकरी टेस्ट सेलमधली. उत्सर्जन मोजायच्या डायनोचे रोलर स्वतःच्या मोटरवर फिरतात, त्यामुळे सगळीकडे तसंच असणार अशी माझी समजूत. इथल्या पहिल्या दुकानात (या दोघांपैकी नव्हे) साधा जड ड्रम होता. गाडी ट्रेलरवरून उतरवली, पट्टे बांधले आणि मग सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिलो. तेव्हा "गाडी सुरू कशी करणार?" हा प्रश्न दराच्या आधी विचारायचा.

आता रोलरविषयी. आमचं रोलरवालं दुकान घरापासून अर्ध्या तासावर, दर निम्मा आणि ड्रमला मोटर असल्यामुळे इंजिन फिरवायची सोय तिथेच. गाडी चढवून पहिला रन घ्यायला तासभरही लागत नाही. माणूस सज्जन. आमच्या इंधनाच्या, मेथनॉलच्या वासाने डोळे चुरचुरतात म्हणून कुरकुर करत नाही. मेथनॉलची ज्योत उजेडात दिसत नाही, त्यामुळे पाण्याची बादली न सांगता शेजारी आणून ठेवतो. एवढं सगळं असताना हब कशाला?

पट्ट्यांमुळे.

मिजेट हलकी. रोलरवर ती उडू नये म्हणून मागचा धुरा रॅचेटच्या पट्ट्यांनी खाली ओढून धरावा लागतो. पट्टा आवळला की मातीचे ते मऊ टायर ड्रमवर चेपतात. जितके चेपतील तितकी ताकद टायर मळण्यात जाते. पट्टा सैल सोडला तर टायर घसरतो. एका रविवारी आम्ही इंजिनला हातही न लावता तीन रन घेतले: ३०२, ३११, ३०५ एचपी. मधल्या रनच्या आधी मालकाने पट्ट्याचे दोन दाते सोडले होते, एवढाच फरक. आणि आम्ही गेलो होतो कशासाठी, तर इंजेक्शनची पिल (इंधनाचं प्रमाण ठरवणारा छिद्राचा छोटा तुकडा) एक नंबर बदलून काय होतं ते बघायला. त्यातून फार तर चार-पाच एचपीचा फरक पडतो. म्हणजे आम्ही दिवसभर पिल नव्हे, पट्टाच ट्यून करत होतो.

त्यात भर स्टॅगरची. डाव्या वळणांसाठी उजवं मागचं टायर घेराने मोठं असतं; आमच्याकडे चार-पाच इंचांनी. मागचा धुरा अखंड, डिफरन्शियल नाही. ड्रम एक, धुरा एक आणि घेर दोन, म्हणजे कुठलं तरी एक चाक सतत घासत राहणार. उपाय आहे: डायनोपुरते सारख्या घेराचे दोन जुने टायर चढवायचे. आम्ही तेही केलं. स्टॅगरचा त्रास गेला, पट्ट्याचा राहिला.

हब डायनोवर चाकंच काढतात. धुऱ्याच्या दोन्ही टोकांना भार देणारी दोन युनिटं जोडली की टायर, स्टॅगर, पट्टे हे सगळं प्रकरण मिटतं. त्याच दिवशी लागोपाठ घेतलेले रन आमच्याकडे एक-दीड एचपीच्या आत आले. दुसरं म्हणजे तिथे इंजिन एका आरपीएमला धरून ठेवता येतं. मेकॅनिकल इंजेक्शनला याचं फार मोल आहे: साडेसहा हजाराला पाच सेकंद धरलं, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण) आणि चारही एक्झॉस्टची तापमानं वाचली, पिल बदलली, पुन्हा धरलं. नुसत्या जड ड्रमवर रन सुरू होतो न होतो तोच संपतो. अर्थात, ब्रेक असलेल्या रोलरवरही असं धरता येतं. हा मान एकट्या हबचा नाही.

हबची डोकेदुखीही सांगतो. दुकान अडीच तासांवर. त्यांच्या युनिटला मोटर नाही, म्हणून बाहेरून लावायचा स्टार्टर आमचा आम्ही घेऊन जातो. आणि मुख्य म्हणजे अडॅप्टर. त्यांच्याकडे पाच बोल्टच्या मोटारींचे ढीगभर होते, आमच्या ३१ दात्यांच्या स्प्लाइनचं, म्हणजे धुऱ्याच्या टोकावरच्या खाचांत बसणारं, एकही नव्हतं. दोन अडॅप्टर कातून घेण्यात तीन आठवडे आणि बऱ्यापैकी पैसे गेले.

नवीन इंजिन बसवलंय, गळती बघायचीय, इंधन साधारण जागेवर आहे का एवढंच तपासायचंय, तर रोलर पुरे. तेवढ्यासाठी आम्ही अजूनही तिथेच जातो. दोन्हीकडचे आकडे मात्र शेजारी ठेवून बघू नका; आमची तीच गाडी हबवर चौदा एचपीने "वाढली" होती आणि मालक आठवडाभर खुशीत होता. पिल, टायमिंग, इंजेक्टरच्या नळ्यांची लांबी अशी बारीक कामं असतील, तर माझ्या मते, आणि माझा अनुभव एकाच गाडीचा आहे, हबसाठी अडीच तास गाडी हाकावी. फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या मुलांचा मागचा धुरा अखंड नसला, तरी हलक्या गाडीच्या पट्ट्यांचं हे दुखणं त्यांनाही चुकणार नाही.

अडॅप्टर सध्या आमच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेत. गेल्या महिन्यात शेजारच्या पिटवाला मागायला आला होता. दिले, पण परत आल्यावर दाते मोजून घेतले.