जिरोना की तारागोना?

बार्सिलोनाहून एकाच जुन्या शहरात निवांत राहायचं, तर आमच्या घरात दोन मतं. ह्यांना तारागोना हवं: समुद्राकाठचं रोमन अँफिथिएटर, २००० सालापासून जागतिक वारशात. शिवाय राम्ब्ला नोव्हावरून रमतगमत गेलं की थेट समुद्रावरचा सज्जा. गुडघे खूश.

मी जिरोनाच्या बाजूची. वेगवान गाडीनं साधारण ४० मिनिटं. कॅथेड्रलला जवळजवळ नव्वद पायऱ्या आहेत खऱ्या, पण वर गेल्यावर सुमारे २३ मीटर रुंदीचं, मध्ये एकही खांब नसलेलं गॉथिक दालन! खाली जुन्या ज्यू वस्तीचे बोळ, ओन्यार नदीला चिकटलेली रंगीत घरं, आयफेलच्या कंपनीचा लाल लोखंडी पूल. पायऱ्या मध्ये टेकत, दमानं चढू. घाई आहे कुणाला?